जिताड्याचं बी

“साहेबाला शब्द दिलाय मी,” हरेश म्हणाला.

“मंग शब्दच वाढ त्याला, वर कालवन घालून,” सत्यवती म्हणाली. “जिताडा नाय मिलायचा.”

ती तळ्याच्या काठी उकिडवी बसून पाण्यात करदी टाकत होती. आदल्या दिवशी पनवेलच्या बाजारात न खपलेली बारीक कोळंबी. मूठ सांडली की आधी चिलापी मासोळ्यांची झुंबड उडायची, ढकलाढकली व्हायची, आणि मग एकदम सगळ्या पांगायच्या. पांगल्या की समजायचं, तो आला. पाणी खालून फुगायचं, दार लोटल्यासारखा आवाज व्हायचा, करदी गायब. अंग क्वचितच दिसायचं. दिसलं तरी चांदीच्या ताटासारखं लखकन वळून जायचं.

हरेश मागं उभा, तोंडात ब्रश. अंगणात त्याचा डंपर घरघरत होता. पुढच्या काचेवर ‘आई एकवीरा प्रसन्न’, मागच्या फळीवर ‘बघतोस काय’.

“तलं जानारच हाय, आये. पंधरवड्यात भराव हिकडं येतोय. मंग काय मुरमात पालनार त्याला?”

“ते मी बगीन.”

“अविनाश साहेब खेपा देतो म्हनून गाडी चालते. त्याला त्याच्या वरच्या साहेबाकडं न्यायचाय. एक मासा मागितला त्यानी. घर नाय मागितलं.”

“घर मागितलं असतं तर तेबी दिलं असतंस.”

हरेशनं पचकन थुंकून ब्रश झटकला आणि डंपर काढला. अंगणातली धूळ सत्यवतीच्या पाटीवर येऊन बसली. तिनं डंपरला एक शिवी दिली, ड्रायव्हरला एक दिली, आणि उरलेली करदी पाण्यात ओतली.

शहाण्णव सालचा चैत्र होता. मोठीखार हे गाव पनवेल खाडीच्या काठावर, पण काठ आता रोज थोडा पुढं सरकत होता. शेतं सरकारनं नव्या शहरासाठी घेतली होती. सत्यवतीचंही गेलं. शेत गेलं आणि डंपर आला. पलीकडचा डोंगर सुरुंगानं फोडायचा, डंपरात भरायचा, खाडीत आणून ओतायचा, असं काम होतं. लहानपणी हरेश ज्या डोंगरावर करवंदं काढायला जायचा, तोच डोंगर आता त्याच्या पाठीमागं बसून खाडीवर यायचा. हरेशला त्यात काही वाटत नव्हतं. रस्ता चांगला झाला की खेप लवकर होते, एवढं त्याला कळत होतं.

पूर्वी या गावात घरामागं तळं असायचंच. पाऊस लागला की उघाडीपाशी, म्हणजे खाडीचं पाणी अडवायच्या लाकडी दारापाशी, जिताड्याची बोटाएवढी पिल्लं यायची. गावात त्याला बी म्हणायचे. हंड्यात घालून घरी आणायचं, तळ्यात सोडायचं, उरलंसुरलं टाकत राहायचं. तळ्यात जिताडा वाढतो, पण पिल्लं देत नाही. त्यासाठी त्याला समुद्राचं पाणी लागतं. म्हणून बी दर पावसाळ्यात नवं आणायचं. दोन-तीन वर्षांनी जावई पहिल्यांदा मुक्कामाला आला, नाहीतर घरात पाटलाचा माणूस जेवायला बसला, की जाळं टाकून काढायचा. पानात जिताडा वाढला म्हणजे मान राखला. याच्या वर बोलायचं काही राहत नसे.

गेल्या दोन पावसाळ्यांत उघाडीपाशी बी आलं नव्हतं. तळीही बुजली. एक सत्यवतीचं राहिलं, आणि त्यात तो एक राहिला. नवऱ्याची आठवण वगैरे काही नव्हती त्यात. नवरा आधीच गेला होता, जिताडा नंतरचा.

त्या दिवशी अमावस्या होती. अवसेला दुपारी बाराच्या सुमाराला खाडीला उधाण येतं, वर्षानुवर्षं येत आलंय. सत्यवती सकाळी बाजारात गेलीच नाही. साडी खोचली आणि धाकट्या दिराच्या दारात जाऊन उभी राहिली.

“भावोजी, जालं घ्या.”

भगवान खाटेवर पडून बिडी ओढत होता. साठी उलटलेला, पण हातानं फेकायचं जाळं त्याच्यासारखं गावात कुणी फेकत नसे. गावातल्या सगळ्या जावयांचे जिताडे त्यानंच काढलेले.

“कोन आलाय?” त्यानं विचारलं.

“कोन नाय आलेला.”

“मंग?”

“सोडायचाय.”

भगवाननं बिडी खाली टाकली. “खुलीच हायस तू वयनी. किलो-किलोनं मोजायचा म्हटलं तरी पाटी भरंल, असा मासा हाय तो. खाडीत सोडतेस?”

“लहान जिताडा कापला कदी तुमी? अंड्यांची गाबोली निघते त्यात?”

“नाय निघत. मोठ्यातच मिलते.”

“हा मोठा हाय.” ती चिडून म्हणाली. “म्हंजे पोटात बी हाय. घरात खायला दाना नव्हता, तवा तुमच्या आयनं बियाचं भात शिजवलेलं काय?”

“आयनं आमाला उपाशी झोपवलं,” भगवान म्हणाला. “पन कनगी नाय फोडली.”

“मंग उठा.”

तो उठला. म्हातारा माणूस आईचं नाव काढलं की उठतोच, हे सत्यवतीला माहीत होतं.

पहिलं जाळं रिकामं आलं. दुसऱ्यात चिलापी. तिसऱ्या वेळी भगवाननं जाळं खांद्यावर घेतलं आणि बराच वेळ नुसताच उभा राहिला. सत्यवती म्हणाली, “झोपलात काय?” आणि त्याच वेळी जाळं सुटलं. हवेत गोल झालं, पाण्यावर पडलं, बुडालं. मग दोरीनं भगवानला पुढं ओढलं. तो कमरेएवढ्या पाण्यात गेला. सत्यवती साडीसकट आत उतरली.

जिताडा गरीब मासा नव्हे. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाला पातं असतं, विळीसारखं. सत्यवतीनं त्याला जाळ्यासकट छातीशी धरला तेव्हा त्यानं एक हिसडा दिला आणि तिच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चीर पडली. रक्त पाण्यात उतरलं.

“सोड, सोड त्याला!” भगवान ओरडला. “गोनपाट कुठं हाय?”

“काठावर. तुमच्या नाकासमोर.”

“हात बग तुजा.”

“हाताला काय झालं? जिता हाय तो, म्हनून मारतोय. मेला असता तर मुकाट्यानं आला असता.”

ओल्या गोणपाटाची झोळी केली, दोन टोकांना दोघं, आणि बांधावरून निघाले. झोळी सारखी उसळत होती. गावातली दोन-चार पोरं मागं लागली, त्यांना सत्यवतीनं हाकललं. उघाडी फार लांब नाही. उघाडीच्या पलीकडं खाडीचा एक फाटा आत आलेला, दोन्ही बाजूंना तिवरांची दाटी. फाटा पुढं जाऊन वळतो, वळणाच्या पुढचं तिवरांमुळं दिसत नाही. तिथून तोंड मोठ्या खाडीला, मोठी खाडी समुद्राला. कुठून तरी डंपरांचा आवाज येत होता. पण तो काय, आता सगळीकडूनच यायचा.

फाट्यातलं पाणी थोपलेलं होतं. हलत नव्हतं.

“ठेपलंय,” भगवान म्हणाला. भरती पूर्ण चढली की ओहोटी लागायच्या आधी पाणी असं घटकाभर उभं राहतं, तेव्हा तसं बोलतात. “टायमावर आलो. आता पानी वलंल, त्याच्यासंगं जाईल.”

सत्यवतीनं उघाडीच्या दगडाकडं पाहिलं. उधाणाला पाणी त्या वरच्या दगडाला लागतं. आज चांगलं हातभर खाली होतं. भगवाननंही पाहिलं. भराव सुरू झाल्यापासून खाडीचं काही खरं राहिलं नव्हतं. कधी चढायची, कधी नाही.

झोळी उघडली. जिताडा पाण्यात पडला, जरा वेळ तसाच राहिला. मग शेपटीचा एक फटका मारला, गढूळ भोवरा उठला, आणि गेला.

“जा बाबा,” भगवान म्हणाला.

“बाबा काय? बाय म्हना,” सत्यवती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. मग पदराची चिंधी फाडून हाताला बांधली आणि उरलेला बाजार गाठायला गेली.

संध्याकाळी हरेश आला. आला तो सरळ तळ्यावर गेला, टोपली घेऊन.

“उद्या सकाली साहेब येतोय. काकाला बोलव, जालं टाकायला.”

“काका टाकून गेला.”

“म्हंजे?”

“सोडला त्याला.”

हरेशनं टोपली भिंतीवर आपटली. “डोकं ठिकानावर हाय काय तुजं? माजं नाव गेलं तिकडं! उद्या मी काय सांगू, आयनं मासा फिरायला सोडला?”

“सांग, घारापुरीला गेलाय. येतो बोललाय पावसाल्यात, पोराबालांना घेऊन.”

“कुठं सोडलास?”

“उघाडीखाली. उधानात. अजून काय हिशेब पायजे?”

हरेश पुढचं काहीतरी ओरडणार होता. तोंड उघडलंही होतं. तसंच राहिलं.

“उघाडीखाली?” तो म्हणाला. “त्या फाट्यात?”

“मंग काय तुज्या डंपरात?”

“आये, त्या फाट्याचं तोंड परवा बुजवलं.”

सत्यवती चुलीपुढं होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

“कोनी?”

हरेश पडलेली टोपली उचलायला वाकला.

“कोनी बुजवलं, इचारते मी.”

“सगल्यांनी. रस्ता चाललाय तिकडून. माजा पन डंपर व्हता.”

“बोलला का नाय घरी?”

“तू इचारलंस कदी? आनि रोज येऊन सांगू काय, आज हे बुजवलं, आज ते बुजवलं?”

यावर सत्यवतीनं आवाज चढवायला हवा होता. कोंबडी भाकरीवर चढली तरी ती आळी जागी करायची. तिनं नुसती हातावरची चिंधी सोडली, पुन्हा बांधली, घट्ट. हरेश थोडा वेळ उंबऱ्यात थांबला आणि मग उगाचच डंपर पुसायला गेला.

पाणी ठेपलं नव्हतं. पाणी कोंडलं होतं. खाडीकाठी जन्म गेलेल्या दोन माणसांना ते ओळखता आलं नाही, कारण कोंडलेली खाडी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सत्यवती बाजारातून परत येताना घरी यायच्या आधी उघाडीवर जायची. मूठभर करदी टाकायची. पहिल्या दिवशी पाणी फुगलं, तोच दार लोटल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या दिवशीही आला. भगवान जाळं घेऊन आला, पण फाट्याच्या तळाला तिवरांची खुंटं. एका फेकीत जाळं फाटलं, दुसऱ्या फेकीत अडकून राहिलं. तो चिखलात उतरून सोडवत बसला आणि डोंगराच्या दिशेनं शिव्या देत राहिला. पाणी रोज थोडं खाली जात होतं. उन्हाचे दिवस. कडेला शेवाळ धरलं, वास येऊ लागला. बगळे येऊन बसायला लागले.

“तोंड फोड,” सत्यवती पोराला म्हणाली.

“रस्ता हाय तो. बांध नाय.”

“मंग नल घाल. पानी जाया-यायला वाट ठेव.”

हरेशनं आईसमोर मान हलवली नाही, पण साइटवर गेल्यावर विषय काढला. अविनाश साहेब पनवेल गावातला, वयानं हरेशपेक्षा थोडाच मोठा, मोटारसायकलवर हेल्मेट अडकवून फिरणारा. मनानं वाईट नव्हता.

“नळ? कशाला?” तो म्हणाला.

“फाट्यात पानी हाय ना. वाट ठेवली तर बरं, साहेब.”

“अरे, ड्रॉइंगमध्ये मोरीच नाहीये तिथे. मी काय माझ्या मनाने नळ टाकू?” मग त्याला हसू आलं. “थांब, थांब. जिताड्याचं चाललंय का? तुझ्या आईने मला टोपी घातली म्हणे! सगळी साइट हसतेय.”

“नाय साहेब, तसं नाय—”

“असू दे रे. तसाही परवा पंप लावणारच आहे. पाणी काढल्याशिवाय मुरूम बसत नाही, नुसता चिखल वर येतो. जिताडा आयता हातात. तुझाही शब्द राहिला, माझाही राहिला. आईला सांग, रागावू नका.”

हरेशनं घरी एवढंच सांगितलं, “परवा पंप लावतायत.” सत्यवतीनं फक्त “बरं” म्हटलं.

अष्टमीचा दिवस होता. भांगाची खाडी, म्हणजे पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्यात दुपारी ओहोटी. वळणावरची तिवरं आदल्या दिवशीच तोडली होती, त्यामुळं उघाडीवरून थेट भराव दिसत होता. सकाळपासून दोन पंप धडधडत होते. फाट्याचं काळं पाणी जाड पाइपातून रस्त्यापलीकडं पडत होतं. गाव लोटलं होतं. पोरं चिखलात उतरली, बाया टोपल्या घेऊन उतरल्या. चिंबोऱ्या, निवट्या, बोयटं, जे दिसेल ते उचलत होते, ओरडत होते, एकमेकांना चिखल मारत होते. जत्राच होती. असं मासे पकडणं पुन्हा या गावाला मिळणार नव्हतं, पण त्या दिवशी तसं कुणाच्या डोक्यात नव्हतं. डंपर रस्त्यावर रांगेत उभे होते, भरलेले, तोंडं गावाकडं.

सत्यवती उघाडीच्या दगडावर बसली होती. शेजारी भगवान. दोघंही खाली उतरले नाहीत.

दुपारी पाणी संपत आलं तेव्हा मधल्या डबक्यात काहीतरी पांढरं आडवं झालं.

“तो काय!” पोरं ओरडली.

अविनाश साहेब गोणपाट घेऊन भरावाच्या उतारावर आला. “कुणी हात लावायचा नाही. हरेश! जा रे, तू काढ. तुमचाच आहे.”

हरेशनं चप्पल काढली. पँट वर करायच्या भानगडीत पडला नाही. गुडघा, मांडी, कंबर, असा चिखलात गेला. पोरं बाजूला झाली. त्यानं दोन्ही हात खाली घातले आणि जिताडा उचलला, लहान मूल उचलतात तसा, डोकं कोपरावर. उघाडीपासून ते लांब होतं. सत्यवतीला त्याची पाठ दिसत होती, आणि कोपराखाली लोंबणारी शेपटी.

तो भराव चढला. अविनाशनं गोणपाटाचं तोंड उघडून धरलं होतं.

“शाब्बास! टाक. टाक इकडे.”

हरेश त्याच्याजवळून पुढं गेला.

“ए! कुठे चाललास? अरे हरेश, तिकडे नुसता चिखल आहे!”

“बी हाय ते, साहेब,” हरेश म्हणाला. थांबला नाही.

तो रस्ता ओलांडून पलीकडं उतरला. आधी कंबर दिसेनाशी झाली, मग खांदे, मग डोकं. भराव उंच होता. पलीकडं काय चाललंय ते उघाडीवरून दिसत नव्हतं. ओहोटीची खाडी, पाण्याची रेघ कुठंतरी मधोमध असणार, तिथपर्यंत मांडीभर चिखल.

“चल वयनी, वर जाऊन बगू,” भगवान उठला.

“नको.”

“अगं, सोडताना तरी—”

“बसा म्हटलं ना!”

तो बसला. पंप बंद झाले. बराच वेळ कुणाला काय करावं कळेना. अविनाशनं गोणपाट घडी केलं, पुन्हा उघडलं. शेवटी हरेशचं डोकं वर आलं, मग अख्खा हरेश, गळ्यापर्यंत काळा. हात रिकामे. तो बांधावरून चालत उघाडीपाशी आला.

“हलला काय?” सत्यवतीनं विचारलं.

“हलला तर! शेपटी मारली अशी, मलाच पाडलं चिखलात. मंग गेला.” तो हसला. चिखलातनं दात तेवढे दिसले. “लय जोर हाय त्याच्यात.”

“असंल,” सत्यवती म्हणाली.

अविनाश साहेबानं त्या दिवशी हरेशच्या डंपरचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लावला. संध्याकाळ होईपर्यंत डंपर एकामागून एक मागं येत होते, फळी उघडत होते, डोंगर खाली पडत होता. शेवटची खेप हरेशची. ती उघाडीच्या दगडाला लागून पडली.

रात्रीच्या जेवणाला आळीत घरोघर मासळीचा वास होता. सत्यवतीच्या चुलीवर डाळ. हरेश विहिरीवर दोनदा आंघोळ करून आला, तरी कानामागं चिखल राहिलाच होता. पाटावर बसला. पुन्हा सांगायला लागला, पाणी किती लांब होतं, जिताड्यानं कसा हिसडा दिला, कल्ले कसे फुगवले.

“जेव आधी,” ती म्हणाली.

त्यानं ताट पुढं सरकवलं. दिव्याखाली त्याचे दोन्ही हात आले. घासून घासून धुतलेले. तळवे, मनगटं, कोपराची आतली बाजू, जिथं जिताड्याचं डोकं टेकलं होतं. कुठं साधा ओरखडा नव्हता.

सत्यवतीनं भात वाढायला हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंतची खपली ताणली आणि एका टोकाला जराशी ओली झाली. तिनं पदर ओढून हात झाकला आणि डाळीची पळी बुडवली.

“घे अजून,” ती म्हणाली. “दमला असशील.”